छोटा संगणक आणि १२ व्होल्टची बॅटरी

पावसाळ्यातली संध्याकाळ आहे असे समजा. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातून माल भरून एक ट्रक निघायच्या तयारीत उभा आहे. दोर आवळून झाले आहेत, ताडपत्री बांधली आहे, क्लीनरने चाके ठोकून पाहिली आहेत. एवढ्यात वीज जाते. तुमच्या ट्रान्स्पोर्टच्या खोलीतला संगणक बंद पडतो, आणि त्याच्याबरोबर ट्रकही जागच्या जागी थांबतो. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यायचा, तर ई-वे बिल लागते. ते मोबाईलवरून काढता येते, नाही असे नाही. पण मालाची यादी, वजनाचे आकडे, गिऱ्हाइकाचा पत्ता हे सगळे त्या बंद पडलेल्या पेटीतच अडकलेले! एक तास गेला तर ड्रायव्हर कुरकुरतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई भागातली वीज सकाळी एकदम गेली आणि लोकलगाड्यासुद्धा रुळांवर उभ्या राहिल्या, तसा एखादा दिवस उगवला म्हणजे मात्र तास मोजण्यातही अर्थ राहत नाही.

अशा वेळी शेजारचा बॅटरीवाला हमखास म्हणतो, “अहो शेठ, बॅटरी आहे की! लावा संगणकाला.” कळंबोलीत बॅटरीला काय तोटा? सायन-पनवेल रस्ता येथे येतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो, आणि गाड्यांच्या मागोमाग बॅटऱ्यांची दुकानेही आलीच. पण बॅटरी १२ व्होल्टची, आणि संगणकाच्या पाठीवर तर ‘१९ व्होल्ट’ असे छापलेले. धीर करून जोडून पाहावे, तर साधा दिवासुद्धा पेटत नाही. मग संगणकाला १२ व्होल्ट पुरत नाहीत असे समजायचे काय? की त्याला ते पुरतात, पण तो घ्यायला तयार नसतो? या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याचे निम्मे काम झाले. आज आपण तोच फरक समजून घेणार आहोत.

प्रथम हे १९ व्होल्ट आले कोठून ते पाहू. हा हातभर जागेत मावणारा छोटा संगणक म्हणजे लॅपटॉपचा धाकटा भाऊ. पडदा आणि बॅटरी काढून घेतलेला लॅपटॉपच म्हणा ना! लॅपटॉपमध्ये लिथियमचे तीन किंवा चार घट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब ४.२ व्होल्ट, चार घटांचा मिळून १६.८ व्होल्ट. हे घट भरायचे तर त्यांच्याहून थोडा अधिक दाब हवा. टाकीत पाणी चढवायचे तर नळाचा दाब टाकीच्या उंचीहून अधिक लागतो, तसेच हे. म्हणून १९ व्होल्टचा अडॅप्टर रूढ झाला. छोट्या संगणकात बॅटरी नसते, तरी थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याने घालावा तसा तोच अडॅप्टर त्याच्याकडे आला.

आता गंमत अशी, की पेटीच्या आत १९ व्होल्ट जसेच्या तसे बहुधा कोणालाच नको असतात. संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, १ व्होल्टच्या आसपास दाब पुरतो. स्मृतीला, म्हणजे मेमरीला, सव्वा व्होल्टच्या आगेमागे. बाकीच्यांना ३.३ आणि ५ व्होल्ट. आलेला १९ व्होल्टचा दाब खाली उतरवून ज्याला त्याला त्याच्या मापाने वाटण्याचे काम मदरबोर्डवरचे लहान लहान रूपांतरक करीत असतात.

हे रूपांतरक दाब उतरवतात तरी कसा? जात्याचे उदाहरण घ्या. जात्याला एक जोराचा हात दिला, की हात काढून घेतला तरी पाळू काही वेळ फिरत राहतो. अधूनमधून हात देत गेले तर जाते एका सारख्या गतीने चालते. थोडा वेळ हात, मग विसावा. पुन्हा हात, पुन्हा विसावा. हात किती वेळ आणि विसावा किती वेळ, यावर गती ठरते. रूपांतरकात हाताचे काम एक विजेचे बटन करते. ते सेकंदाला काही लाख वेळा उघडझाक करते. पाळूचे काम तांब्याच्या तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, करते. आणि उरलासुरला हिसका शोषून घ्यायला कपॅसिटर असतो. १९ व्होल्टचे ५ करायचे, तर बटन शंभरातला सुमारे २६ भाग वेळ चालू राहते. १२ चे ५ करायचे, तर ४२ भाग. १२ चा १ व्होल्ट करायचा, तर फक्त ८ भाग. बटनाला यातले काहीच अवघड नाही. लॅपटॉपमध्ये या रूपांतरकांना कधी १९ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो, तर कधी उतरत चाललेल्या बॅटरीचे ९-१० व्होल्ट. आणि दोन्हींवर त्यांना काम करावेच लागते. त्याच जातीचे रूपांतरक पुष्कळदा छोट्या संगणकातही बसवलेले असतात.

म्हणजे कामकरी तयार आहेत. मग काम अडते कोठे?

ते अडते दारात. वीज आत येते त्या ठिकाणी एक पहारेकरी उभा असतो. आलेला दाब ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर तो दार उघडतच नाही. यात त्याचा दुष्टपणा नाही. अडॅप्टर बिघडला, प्लग सैल बसला, कोणी भलताच अडॅप्टर लावला, तर अर्धवट दाबावर संगणकाने धडपडू नये म्हणून कारखान्याने त्याला दिलेला तो हुकूम आहे. हुकूम १९ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी दिलेला. बॅटरीची कथा त्याला कोणी सांगितलेलीच नाही.

पण नकार देणारा पहारेकरीच आहे हे ओळखायचे कसे? अंदाजाने बोलू नये, मोजावे. दाब कमीजास्त करता येतो आणि प्रवाहाला मर्यादा घालता येते असा वीजपुरवठा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो. त्यावर संगणक १९ व्होल्टला चालू करा आणि दाब अर्ध्या अर्ध्या व्होल्टने उतरवत चला. सोबत मल्टिमीटर ठेवा. तीनांपैकी एक गोष्ट घडेल.

पहिली : दाब ११ व्होल्टपर्यंत आला तरी संगणक चालूच राहील, आणि बंद करून त्याच दाबावर पुन्हा सुरूही होईल. असे झाले तर देवाचे आभार माना आणि मदरबोर्डला हातही लावू नका.

दुसरी : १६-१७ व्होल्टच्या आसपास तो दिवा मालवावा तसा एकदम बंद पडेल, आणि दर वेळी त्याच आकड्याला बंद पडेल. हा पहारेकरी.

तिसरी : १३-१४ व्होल्टपर्यंत ठीक चालेल, मग मोठी हार्ड डिस्क किंवा पंखा रडू लागेल. अशा मदरबोर्डवर १९ चे १२ व्होल्ट करणारा रूपांतरक असतो. उतरवणाऱ्या यंत्राला १२ देऊन १२ मागितले तर तो बिचारा कोठून देणार? येथे पहारेकऱ्याशी बोलून उपयोग नाही. नकार कामकऱ्याचा आहे, आणि तो खरा आहे.

आणखी एक प्रकार आहे. काही कंपन्यांच्या अडॅप्टरच्या पिनेत मधोमध तिसरी तार असते. तिच्यावरून ‘मी अमुक वॅटचा घरचाच अडॅप्टर आहे’ अशी ओळख दिली जाते. ती ओळख पटली नाही तर संगणक सुरू होत नाही, किंवा मुंगीच्या पावलांनी चालतो. तसा तुमचा संगणक असेल तर आधी त्या ओळखीचा बंदोबस्त करावा लागतो.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे पहारेकऱ्याकडे येऊ. त्याला पूर्ण १९ व्होल्ट दिसत नाहीत, दाबाचा एक ठरलेला हिस्सा दिसतो. तो हिस्सा दोन रोधक, कारागिरांच्या भाषेत दोन रेझिस्टन्स, काढून देतात. समजण्यासाठी असे धरू की वरचा रोधक ५६ हजार ओहमचा आणि खालचा १० हजारांचा. तेव्हा पहारेकऱ्यापुढे येणारा हिस्सा ६६ मधला १०. त्याच्याजवळ तुलनेसाठी २.५ व्होल्टचे पक्के माप आहे. अडॅप्टरचे १९ व्होल्ट आले की त्याला २.८८ दिसतात, तो दार उघडतो. दाब १६.५ च्या खाली गेला की हिस्सा २.५ च्या खाली जातो. तो दार लावतो. बॅटरीचे १२.६ व्होल्ट आले तर त्याला १.९ च दिसतात. दार बंदच!

मग करायचे एवढेच, की हिस्सा बदलायचा. वरच्या ५६ हजारांच्या रोधकाच्या पाठीवर ८२ हजारांचा दुसरा रोधक डाग देऊन बसवला, तर दोघांचा मिळून रोध साधारण ३३ हजार होतो. आता हिस्सा झाला सुमारे ४३ मधला १०, आणि दार लागण्याची मर्यादा १६.५ वरून १०.८ व्होल्टवर आली. मूळचा रोधक काढावा लागला नाही. उद्या मन बदलले तर वरचा डाग सोडवला की मदरबोर्ड होता तसा झाला. तुमच्या मदरबोर्डवरचे आकडे वेगळे असतील; ते मोजूनच घ्यावे लागतील. रीत मात्र हीच.

१०.८ हाच आकडा का, असे कोणी विचारील. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी पुरती भरली म्हणजे विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते, आणि भाराखाली १०.५ पर्यंत उतरली की ती रिकामी समजावी. त्याच्याही खाली तिला ओढत राहिले तर ती आतून खराब होते. म्हणजे १०.८ ला दार लावणारा पहारेकरी आता बॅटरीचीही राखण करतो. एका रोधकात दोन कामे झाली.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. काही मदरबोर्डांवर हाच हिस्सा ‘दाब फार वाढला’ हे ओळखण्यासाठीही वापरलेला असतो. पूर्वी २२ व्होल्टला दार लावणारा पहारेकरी हिस्सा बदलल्यावर १४.४ ला दार लावू लागेल. आणि चार्जर चालू असताना बॅटरीचा दाब नेमका तेथवर चढतो! शिवाय जुना १९ चा अडॅप्टर पुन्हा लावला, तर पहारेकऱ्याच्या पायावर २.८८ च्या जागी ४.४ व्होल्ट येतील. ते त्याला सोसतात का, हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहावे.

पुष्कळ कारागीर याहून सोपी वाट दाखवतात. ‘पहारेकऱ्याला उडवून लावा, एक तार टाकून दार कायमचे उघडे ठेवा.’ मीही एकदा हा शहाणपणा केला होता. पाच मिनिटांचे काम, संगणक बॅटरीवर झकास सुरू झाला, आणि मी समाधानाने झोपलो. रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. संगणक बॅटरीला पीत राहिला. सकाळी पाहतो तर बॅटरीत ६ व्होल्ट उरलेले, आणि हिशेबाची फाईल लिहिता लिहिता अर्धवट तुटलेली. ती बॅटरी पुढे कधी नीट भरली नाही. फाईल मात्र मला आठवणीने पुन्हा लिहावी लागली, आणि तेव्हा कळले की पहारेकऱ्याला हुकूम बदलून द्यावा, त्याचे डोळे बांधू नयेत.

दाब कमी केल्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते, हेही विसरू नका. विजेचा खेळ दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराचा आहे. ६५ वॅटचा अडॅप्टर १९ व्होल्टवर ३.४२ अँपियर देतो. तेच ६५ वॅट १२ व्होल्टवर ओढायचे तर ५.४ अँपियर लागतात. प्रवाह दीडपटीहून थोडा अधिक वाढला, पण तारेतली आणि पिनेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे ती अडीचपट झाली. बारीक पीन, बारीक फ्यूज, दारातले बटन यांना हे झेपले पाहिजे.

आपल्या रेल्वेला हा व्यवहार चांगला ठाऊक आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढे देशभर २५ हजार व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आली, आणि मुंबईच्या सीमेवर इंजिन बदलण्याची पाळी येऊ लागली. म्हणून १९७५ साली दोन्ही दाबांवर चालणारे ‘डब्ल्यूसीएएम’ जातीचे इंजिन आले. ते दोन्हीकडे चाले. पण १५०० व्होल्टखाली त्याची ताकद कमी भरे. कळंबोलीला जवळची मानसरोवर आणि खांदेश्वर ही स्थानके ज्या हार्बर मार्गावर आहेत, तेथे १५०० व्होल्ट जाऊन २५ हजार आले ते २०१६ साली. तुमच्या मदरबोर्डवर जे करायचे ते याच जातीचे काम, आकाराने तेवढे लहान. तेव्हा १२ व्होल्टवर आलेल्या संगणकाकडून शक्यतो हलके काम घ्या. बिले, पत्रे, हिशेब यांना १५-२० वॅट पुरतात, आणि तेवढ्यात पिनेला घाम फुटत नाही.

तारेचा हिशेबही करून दाखवतो. बॅटरी संगणकापासून ५ मीटरवर आहे. जाणारी-येणारी मिळून १० मीटर तार. पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक तार घेतली तर तिचा रोध सुमारे पाव ओहम. ५.४ अँपियर वाहू लागले की सव्वा व्होल्टहून अधिक दाब वाटेतच गळतो. बॅटरीत १२ आहेत, पण दारात १०.७ पोचले, पहारेकऱ्याने दार लावले! तुम्ही म्हणाल मदरबोर्ड बिघडला, आणि दोष निघेल तारेचा. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर गळती ०.४ व्होल्टवर येते. म्हणून दाब बॅटरीवर मोजून समाधान मानू नका, संगणकाच्या पिनेवर मोजा. आणि बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून १० अँपियरचा फ्यूज घाला. बॅटरी दिसायला गरीब; पण तारा एकमेकींना चिकटल्या तर ती काही शे अँपियर ओतते आणि तार लाल होते.

दार लागले की भार सुटतो, भार सुटला की बॅटरीचा दाब थोडा वर येतो, आणि संगणक ‘वीज आली’ असे समजून पुन्हा सुरू होतो. मग पुन्हा बंद. ही उघडझाप टाळण्यासाठी ‘वीज येताच आपोआप सुरू हो’ ही सोय संगणकाच्या मूळ मांडणीत बंद करून ठेवा.

कळंबोलीकरांसाठी आणखी एक शब्द. ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि इंजिन चालू असताना ते २८ पर्यंत जातात. १९ साठी बांधलेल्या संगणकाला ते थेट जोडले तर धूरच दिसेल. मग काही जण दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. तेही करू नये. एक बॅटरी रोज थोडी अधिक रिकामी होते, दुसरी गरजेपेक्षा अधिक भरते, आणि जोडी अकाली मोडते. ट्रकसाठी २४ चे १२ करणारा गाडीचाच तयार रूपांतरक घ्यावा.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, ‘इतका खटाटोप कशाला? १२ चे १९ करणारा तयार डबा मिळतो.’ खरे आहे. मदरबोर्डला हात लावायचा नसेल, किंवा संगणक हमीत असेल, तर तोच मार्ग धरा. तो वाटेत थोडी वीज खातो, एवढेच. घरातला इन्व्हर्टरही चालतो. पण तो १२ चे २३० करणार, अडॅप्टर २३० चे १९ करणार, आणि मदरबोर्ड १९ चा १ करणार. पनवेलला जायला ठाण्याला वळसा घालावा तसा हा प्रवास. मोठ्या बॅटरीवर तो खपून जातो. पण १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासांच्या लहान बॅटरीत मुळात ८४ वॅट-तास. त्यांतले ६० पदरात पडले असे धरा. १५ वॅटचा संगणक थेट जोडला तर ते चार तास पुरतात. येथे वाटेत सांडलेला प्रत्येक थेंब डोळ्यांना दिसतो.

तेव्हा वाचकहो, तुमचा संगणक बॅटरीला नकार देईल, तेव्हा हातात कावीया घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. नकार कामकऱ्याचा असेल तर तो माना आणि तयार डबा आणा. पहारेकऱ्याचा असेल तर त्याला नवा आकडा समजावून द्या. मग पुढच्या पावसात वीज गेली, तरी तुमच्या खोलीतला लहानसा पडदा उजळलेला राहील. बिल निघेल, ड्रायव्हर कागद खिशात घालील, आणि ट्रक आपल्या वाटेला लागेल.